अंतरपाट, मुंडावळ्या आणि दोन मिररलेस कॅमेरे : एका लग्नाच्या स्टुडिओतील खरेदीचे प्रकरण

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी दोन सख्खे भाऊ मिळून फोटो स्टुडिओ चालवतात. थोरला लग्नांचे फोटो काढतो, धाकटा व्हिडिओ सांभाळतो, आणि एकाच तिथीला दोन ऑर्डरी आल्या की कोल्हापूर किंवा मिरजेकडचा एखादा फोटोग्राफर दिवसाच्या बोलीवर बोलावला जातो. २०२३ च्या दसऱ्यापर्यंत त्यांच्याकडे कॅननचे दोन डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेले कॅमेरे होते, मुख्य ५डी मार्क ३ आणि जोडीला ६डी. दोन्ही मॉडेले २०१२ सालची. पैकी ५डीने शटरची दीड लाख उघडझापींची ठरलेली मर्यादा केव्हाच ओलांडली होती, आणि तुळशीचे लग्न लागले की मुहूर्तांची रांग सुरू होणार होती. नवा कॅमेरा मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला घ्यायचा, याविषयी दोघांत मतभेद नव्हता. तो कोणता घ्यायचा, यावर मात्र महिनाभर घरात जेवणाच्या पाटावरही वाद चालू होता.

निवड दोन नावांवर येऊन थांबली होती. एक, ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर झालेला सोनीचा आल्फा ७ मार्क ४, ज्याला दुकानांत सगळे ‘ए सेव्हन फोर’ म्हणतात. दुसरा, नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेला कॅननचा ईओएस आर६ मार्क २. दोन्ही फुल फ्रेम (चित्र टिपणारा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा), दोन्हींत दोन कार्डे बसतात, दोन्हींचे वजन बॅटरीसह साधारण ६६० ते ६७० ग्रॅम, आणि भारतात बाजारात आले तेव्हा दोन्हींच्या नुसत्या बॉडीची, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याची किंमत २ लाख ४२ हजार ते २ लाख ४४ हजार रुपयांच्या घरात होती. किमतीवर बोट ठेवून प्रश्न सुटेल, अशी सोयच नव्हती.

धाकट्याचे म्हणणे सोनीच्या बाजूने होते आणि ते नीट विचार करून मांडलेले होते. सोनीत ३३ मेगापिक्सल, कॅननमध्ये २४. सोनीला टॅमरॉन आणि सिग्मा या इतर कंपन्यांच्या लेन्स मिळतात. शिवाय बोलीवर येणारे बहुतेक फोटोग्राफर सोनीच वापरतात, त्यामुळे अडीअडचणीला लेन्स, बॅटरी एकमेकांना देता-घेता येते. थोरल्याचे उत्तर दोन वाक्यांचे होते. घरात कॅननच्या चार लेन्स आहेत, आणि कॅननमध्ये नवरीच्या चेहऱ्याचा रंग चांगला येतो. “दादा, तुला रंगाचं काय ते सवयीनं वाटतं,” असे धाकटा म्हणे, आणि वाद पुन्हा पहिल्या पानावर येई.

धाकटा काही वर्षांपूर्वी माझ्याकडे छायाचित्रण शिकायला येत असे, त्या ओळखीतून हे भांडण माझ्यापर्यंत आले. मी एकच अट घातली. कॅमेऱ्यांच्या माहितीची पाने आधी बंद करायची, आणि शटर दाबल्यापासून अल्बम गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत फोटोचे काय काय होते, ते क्रमाने कागदावर लिहून काढायचे.

फोटोचा प्रवास

त्या कागदावर लिहिलेल्या पहिल्याच ओळीने अर्धी तुलना निकालात काढली. हा स्टुडिओ लग्न जेपेगमध्येच, म्हणजे कॅमेऱ्यानेच रंग-उजेड ठरवून तयार केलेल्या फाइलमध्ये काढतो. नवरा-नवरीच्या मोजक्या पोर्ट्रेटांपुरती रॉ, म्हणजे सेन्सरकडून आलेली कच्ची फाइल ठेवली जाते, बाकी दोन-तीन हजार फोटो जेपेगच असतात. ते हार्ड डिस्कवर भरून कोल्हापुरातल्या अल्बम डिझायनरकडे जातात, तो त्यातून निवड करून बारा बाय छत्तीस इंचांची शीट लावतो, रंग जुळवतो आणि छपाईला पाठवतो. मोठ्या शहरांतल्या स्टुडिओंना ही पद्धत मागासलेली वाटेल. एका अल्बममागे उरणारे पैसे आणि गिऱ्हाइकाची घाई पाहिली, तर ती पुरती हिशेबी आहे.

आता दोघांनी रात्र-रात्र जागून पाहिलेल्या तुलनांकडे वळू. त्या जवळपास सर्व रॉ फाइल गृहीत धरून केलेल्या असतात. सोनीचा सेकंदाला १० फ्रेमचा वेग रॉ फाइल दाबून लहान केली तरच मिळतो, गुणवत्ता पूर्ण राखणारी रॉ निवडली की तो सहाच्या आसपास येतो, हा आक्षेप जेपेग काढणाऱ्याला लागूच पडत नाही. सोनीची न दाबलेली रॉ फाइल ६६ एमबीच्या पुढे जाते आणि हार्ड डिस्का भरतात, हाही आक्षेप गळला. सावल्या चार-पाच स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) उजळल्या तर कोणाच्या फाइलमध्ये दाणे कमी दिसतात, ही चर्चा तर इथे निव्वळ करमणूक ठरते. त्याच वेळी, ‘रंगाचा वाद फिजूल आहे, रॉमध्ये सगळे बदलता येते’ हे इंटरनेटवरचे आवडते उत्तरही गळले, कारण जेपेगमध्ये सगळे बदलता येत नाही. थोरल्याच्या ज्या म्हणण्याला धाकटा सवयीचा दोष समजत होता, त्यात निदान तपासून पाहण्याजोगे काही होते.

मेगापिक्सलचा हिशेब त्याच कागदाच्या मागल्या बाजूला झाला. कॅननची फ्रेम ६००० बाय ४००० पिक्सलांची, सोनीची ७००८ बाय ४६७२ ची. ‘३३ आणि २४’ असे ऐकले की फरक सव्वापटीहून जास्त वाटतो, पण छपाई लांबी-रुंदीवर होते आणि लांबीत सोनी फक्त १७ टक्क्यांनी पुढे आहे. बारा बाय छत्तीसच्या शीटचे एक पान बारा बाय अठरा इंचांचे, आणि इंचाला ३०० ठिपक्यांनी छापायचे तर त्याला ३६०० बाय ५४०० पिक्सल पुरतात. म्हणजे पूर्ण पानभर एकच फोटो लावला तरी कॅननची फ्रेम उरते. दोन्ही पाने व्यापणारा एकच आडवा फोटो लावला, तर कॅनन इंचाला १६७ आणि सोनी १९५ ठिपके देते. अल्बम मांडीवर घेऊन पाहणाऱ्या माणसाला हा फरक दिसत नाही, हे डिझायनरने जुन्या ५डीच्या २२ मेगापिक्सलांतून लावलेली शीट दाखवून आमच्यासमोरच सिद्ध केले. सोनीच्या जादा पिक्सलांचा खरा उपयोग आहे तो कापाकापीला. गर्दीत दूर उभे राहावे लागले आणि नंतर अर्धी फ्रेम कापून टाकावी लागली, तर ३३ मेगापिक्सल हात देतात. थोरला मात्र स्टेजवर नवरदेवाच्या करवल्यांनाही बाजूला सारून जागा मिळवणारा माणूस असल्यामुळे त्याच्या बाबतीत हा फायदा थोडाच शिल्लक राहत होता.

काढीव मुहूर्ताचे लग्न

कागदावरचे एवढे झाल्यावर दोन्ही कॅमेरे दोन दिवसांसाठी कोल्हापुरातून भाड्याने आणले. दसऱ्यानंतर नात्यातच एक काढीव मुहूर्ताचे लग्न होते, त्यात नेहमीचे काम जुन्या कॅमेऱ्यावर चालू ठेवून मधल्या वेळात हे दोन्ही वापरून पाहायचे ठरले. सोनीबरोबर सोनीच्याच २४-७० आणि ८५ एमएम एफ/१.८ या लेन्स घेतल्या (एफपुढचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे). कॅननला मात्र अ‍ॅडॉप्टर लावून घरच्याच जुन्या लेन्स जोडल्या. प्रयोगशाळेच्या नियमाने ही तुलना समसमान नाही, याची मला जाणीव होती. पण विकत घेतल्यावर दोन्ही कॅमेरे ज्या अवस्थेत वापरले जाणार होते, त्याच अवस्थेत ते पाहणे अधिक प्रामाणिक होते, कारण कॅनन घेतला तर तो जुन्या लेन्सवर चालणार होता आणि सोनी घेतला तर नव्या लेन्स घ्याव्याच लागणार होत्या.

मराठी लग्नात ऑटोफोकसची खरी परीक्षा अंतरपाट दूर होताना होते. शेवटचे मंगलाष्टक संपते, वाजंत्री एकदम सुरू होते, अक्षतांचा वर्षाव होतो, भटजी अंतरपाट बाजूला ओढतात आणि पुढच्या काही सेकंदांत हार घातले जातात. तोपर्यंत कॅमेऱ्यासमोर स्वस्तिक काढलेले कापड असते, आणि ते हटताच लेन्सपासून हातभर अंतरावरून पिवळे तांदूळ उडत असतात. ६डीच्या ११ फोकस बिंदूंपैकी मधला एकच क्रॉस प्रकारचा, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषांवर फोकस धरणारा असल्यामुळे थोरला आजवर या क्षणासाठी आधीच चेहऱ्याच्या अंतरावर फोकस बांधून ठेवत असे आणि नवरदेव अर्धा पाऊल मागे सरकला की फोटो जात असे. नव्या दोन्ही कॅमेऱ्यांनी कापड हटताच चेहरा आपणहून धरला. अक्षतांमागे धावण्याची खोड दोघांनाही पहिल्यांदा लागली, परंतु विषय किती चटकन बदलायचा याची सोय दोन्हींत आहे, आणि ती ‘धरून ठेवा’ या टोकाला नेल्यावर दोघेही तांदळाच्या दाण्याला भुलले नाहीत. या परीक्षेत मला तरी त्यांच्यात निवड करता आली नाही.

मुंडावळ्यांची गोष्ट जरा निराळी आहे. डोळा ओळखून त्यावर फोकस ठेवण्याची ही यंत्रणा समोरून पाहताना निर्धोक चालते. पण नवरी थोडी वळली, की कपाळावरून कानशिलावर उतरलेल्या मोत्यांच्या सरी बरोबर डोळ्याच्या पुढे येतात. ८५ एमएमची लेन्स एफ/१.८ वर ठेवून दीड मीटरवरून फोटो काढला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सव्वातीन सेंटिमीटरांचा असतो, म्हणजे मोती धारदार आणि पापण्या पुसट, असे होण्यास पुरेसा अरुंद. दोन्ही कॅमेरे अधूनमधून मोत्यांना भुलले. सोनीवर नवीन लेन्स असल्यामुळे तो चूक सुधारून डोळ्यावर झटकन परतत असे. कॅननवरची ८५ एमएम ही १९९२ सालच्या रचनेची, तिची मोटर आपल्या काळात चपळ मानली गेली असली, तरी नव्या बॉडीच्या डोक्याबरोबर तिचे पाय धावत नव्हते. शिवाय जरीच्या काठावर उजेड पडला की जांभळट कड उमटत होती. ही उणीव बॉडीची नाही, हे खरेच. तरीही अल्बममध्ये ती बॉडीच्याच नावावर लागणार होती. उपाय दोघांनाही एकच लागू पडला, छिद्र एफ/२.८ पर्यंत लहान करायचे आणि पाऊलभर मागे यायचे.

रंगाच्या वादासाठी हळदीचा दिवस राखून ठेवला होता. पिवळी साडी, पिवळा मंडप, हळद माखलेले चेहरे, वर कापडातून झिरपणारे पिवळसर ऊन, अशा फ्रेममध्ये पांढरे म्हणण्यासारखे काही उरत नाही, आणि कॅमेऱ्याने आपणहून ठरवलेला व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून जुळवलेला रंगांचा तोल, फ्रेमगणिक डळमळतो. एकाच जागेवरून, एकाच क्षणी दोन्हींनी काढलेल्या फोटोंच्या चार बाय सहाच्या प्रती खुणा न करता थोरल्याच्या आणि डिझायनरच्या पुढे ठेवल्या. व्हाइट बॅलन्स ऑटोवर असलेल्या प्रती दोघांनी बऱ्याच अंशी बरोबर ओळखल्या. पण राखाडी कार्ड दाखवून दोन्हींचा व्हाइट बॅलन्स बांधून काढलेल्या प्रतींवर दोघेही अडखळले, आणि थोरल्याने एक सोनीची प्रत मोठ्या विश्वासाने कॅननची म्हणून बाजूला काढली. धाकट्याला तेवढ्याने समाधान वाटले असते. परंतु डिझायनरने त्या वेळी सहज म्हणून जे सांगितले, ते माझ्या लेखी या प्रकरणातले सर्वांत मोलाचे वाक्य होते. त्याला कोणता रंग सुंदर आहे याच्याशी कर्तव्य नव्हते. एकाच शीटवर दोन कॅमेऱ्यांचे फोटो शेजारी-शेजारी लागतात, त्यात साडी एकात गुलाबी आणि दुसऱ्यात राणी रंगाची दिसली, की त्याची रात्र जाते. दुसरा कॅमेरा ६डी राहणारच होता. मग प्रश्न ‘कोणाचा रंग चांगला’ हा नसून ‘६डीच्या जेपेगशेजारी कोणाचे जेपेग कमी बोचेल’ असा होता, आणि तिथे कॅननच्याच दुसऱ्या बॉडीला उघड फायदा होता. थोरला बरोबर होता, पण त्याला वाटत होते त्या कारणाने नव्हे.

लग्नाच्या रात्रीच्या वरातीने दोन धडे दिले. पहिला दिव्यांचा. आपल्याकडे वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्यामुळे साध्या प्रतीचे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. एक आवर्तन दहा मिलिसेकंदांचे. सोनीच्या आवाजरहित इलेक्ट्रॉनिक शटरला पूर्ण फ्रेम वाचायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग, म्हणजे ६५-६७ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात दिवा सहा-सात वेळा लुकलुकतो आणि फोटोवर तितके आडवे पट्टे उमटतात. कॅननचे वाचन साधारण १५ मिलिसेकंदांत उरकते, म्हणून तिथे पट्टा एखाद-दुसराच येतो. तो रुंद असल्याने कधी नजरेआड होतो, कधी नवरदेवाचा फेटा उजळ आणि शेरवानी काळवंडलेली असा चमत्कारिक दिसतो. यांत्रिक शटरने काढले तर दोन्हीकडे हा प्रश्न बराच सौम्य होतो, आणि दिव्याची लय ओळखून त्या क्षणी शटर सोडण्याची सोयही दोन्हींत आहे. ताशांच्या गजरात शटरचा आवाज कोणाला ऐकू येणार, हा व्यावहारिक प्रश्न बाजूला ठेवला, तरी सेकंदाला ४० फ्रेमचा कॅननचा जाहिरातीतला आकडा इलेक्ट्रॉनिक शटरचाच आहे आणि यांत्रिक शटरवर तो १२ होतो, हे वरातीत वापरणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

दुसरा धडा लेझरचा. त्या वर्षीच्या गणपतीच्या मिरवणुकांनंतर लेझरच्या झोतामुळे डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या कोल्हापूर-पुण्याकडे सगळ्यांनी वाचलेल्या होत्या. डीएसएलआरमध्ये फोटो काढेपर्यंत सेन्सरच्या पुढे आरसा असतो. मिररलेसमध्ये फ्रेम जुळवत असतानाही सेन्सर उघडाच असतो, आणि लेझरचा थेट किरण लेन्समधून आत शिरला तर सेन्सरवर कायमची रेघ किंवा ठिपका राहू शकतो. हा धोका दोन्ही कॅमेऱ्यांना सारखाच, त्यामुळे निवडीवर त्याचा परिणाम झाला नाही. एक ठराव मात्र झाला. वरातीत लेझर दिसला की नवा कॅमेरा पिशवीत आणि जुना ६डी हातात.

लेन्सचा हिशेब

घरातल्या चार लेन्स अशा होत्या : २४-७० एफ/२.८ एल मार्क २, ७०-२०० एफ/२.८ एल आयएस मार्क २, ८५ एमएम एफ/१.८ आणि ५० एमएम एफ/१.८ एसटीएम. कॅननच्या मिररलेसवर डीएसएलआरसाठीच्या या ईएफ लेन्स बसवणाऱ्या अ‍ॅडॉप्टरमध्ये काच नसते, ते केवळ अंतर भरून काढणारे आणि विद्युत जोडणी पुढे नेणारे कडे असते. त्यामुळे चित्राच्या दर्ज्यात घट होत नाही, आणि लेन्स बॉडीशी आपल्याच भाषेत बोलते. ७०-२०० तर नव्या बॉडीवर जुन्यापेक्षा अचूक चालली, कारण डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर निराळा असतो आणि त्याचे चित्राच्या सेन्सरशी असणारे बारीक अंतर लेन्सगणिक जुळवून घ्यावे लागते, ती भानगडच मिररलेसमध्ये उरत नाही. २४-७० मध्ये स्थिरीकरण नाही, ते आता बॉडीकडून मिळाले. वजनाची गंमत मात्र सांगायला हवी. मिररलेस हलका म्हणून घ्यायचा, आणि त्यावर ११० ग्रॅमचा अ‍ॅडॉप्टर व दीड किलोची जुनी ७०-२०० लटकवायची, म्हणजे मनगटाच्या वाट्याला सवलत फारशी येत नाही.

याच लेन्स सोनीवर लावता येतील का, असा धाकट्याचा प्रश्न होता. अ‍ॅडॉप्टर मिळतात. पण त्यांतला एक प्रचलित, सिग्माचा एमसी-११, अधिकृतपणे सिग्माच्याच लेन्ससाठी आहे. कॅननच्या लेन्स त्यावर चालतात, तरी अक्षता उडत असताना ‘चालतात’ एवढ्यावर भिस्त ठेवणे योग्य नाही. म्हणजे सोनी घ्यायचा तर निदान दोन झूम लेन्स त्याच दिवशी घ्यायला हव्या होत्या. त्यात फ्लॅशही आला. स्टुडिओतल्या मोठ्या दिव्यांना फक्त ट्रिगर (दिवे उडवणारी बिनतारी कळ) बदलून भागले असते, पण कॅमेऱ्यावर बसणारे दोन फ्लॅश कॅननसाठीचे असल्यामुळे सोनीवर त्यांचे स्वयंचलित मापन चालले नसते. उलट ५डीच्या जुन्या बॅटऱ्या आर६ मार्क २ मध्येही चालतात. त्यांवर शटरचा पूर्ण वेग मिळत नाही, परंतु जेवणावळीच्या फोटोंना वेग कशाला हवा.

इथपर्यंत सारा हिशेब थोरल्याच्या बाजूने जातो. पण धाकट्याचा मुद्दा पुढच्या पाच वर्षांचा होता आणि तो मी खोडून काढू शकलो नाही. सोनीचा ई माउंट (लेन्स बसवण्याची जोडणी) २०१० सालचा, आणि २०११ मध्ये कंपनीने त्याची मूलभूत माहिती इतर उत्पादकांना खुली केली. परिणामी टॅमरॉनची २८-७५ एफ/२.८, सिग्माची २४-७० एफ/२.८ किंवा ८५ एमएम एफ/१.४ अशा, दर्जाने भक्कम आणि कंपनीच्या लेन्सपेक्षा बऱ्याच स्वस्त पर्यायांची रांग तयार आहे. कॅननचा आरएफ माउंट २०१८ मध्ये आला, आणि तिथले दार बंद राहिले. २०२२ मध्ये व्हिलट्रॉक्स या चिनी कंपनीने आरएफसाठीच्या आपल्या ऑटोफोकस लेन्स मागे घेतल्या. २०२४ च्या एप्रिलमध्ये सिग्मा आणि टॅमरॉनच्या आरएफ लेन्स जाहीर झाल्या, त्याही लहान एपीएस-सी सेन्सरसाठीच्या. म्हणजे जुनी लेन्स निकामी झाली की कॅननवाल्याला कॅननच्याच दुकानात जावे लागते. थोरल्याचे यावरचे उत्तर जरा धूर्त होते, पण खोटे नव्हते. लोक डीएसएलआर सोडून चालले आहेत, त्यांच्या ईएफ लेन्स जुन्या बाजारात उतरत्या भावाने मिळत आहेत, आणि अ‍ॅडॉप्टर आहे तोवर तीच आपली स्वस्त रांग.

व्हिडिओबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर वाद अपेक्षेपेक्षा लवकर मिटला. आपल्याकडच्या दिव्यांखाली सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेमने चित्रण करणे सोयीचे पडते, आणि पाठवणीचे किंवा वरातीचे दृश्य संथ करून दाखवायचे तर ५० फ्रेम लागतात. ४के मध्ये ५० फ्रेमवर सोनी सेन्सरचा मधलाच भाग वापरतो, त्यामुळे २४ एमएमची लेन्स ३६ एमएमसारखी दिसते आणि गावाकडच्या घराच्या माजघरात पाठ भिंतीला टेकवूनही सगळे नातेवाईक फ्रेममध्ये मावत नाहीत. कॅनन त्याच वेगाला पूर्ण रुंदी देतो. आपल्या आवडत्या कॅमेऱ्याची ही अडचण धाकट्याने स्वतःच माजघरात उभे राहून शोधून काढली आणि निमूटपणे वहीत लिहिली, याचे मला कौतुक वाटले. मंगलाष्टकांचे सलग चित्रीकरण ते वेगळ्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर करतात, म्हणून कॅमेरा तापण्याचा प्रश्न त्यांच्यापुरता गौण होता.

खरेदी आणि पहिला सीझन

निर्णय कॅननचा झाला. एका ओळखीच्याने बिलाशिवायची, बाहेरून आलेली बॉडी स्वस्तात देण्याची तयारी दाखवली होती. तिचाही हिशेब मांडला. डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी २०१९ पासून १८ टक्के आहे, म्हणजे २ लाख ४० हजारांच्या बिलात सुमारे साडेछत्तीस हजार रुपये कराचे असतात. स्टुडिओची नोंदणी असल्यामुळे ही रक्कम त्यांना आपल्या भरायच्या करातून वजा करून मिळणार होती. बिल सोडले तर ती वजावटही सुटते आणि वॉरंटीही. त्यामुळे तो स्वस्त कॅमेरा त्यांच्यापुरता स्वस्त राहत नव्हता.

सीझन सुरू झाल्यावर ज्या दोन अडचणी आल्या, त्या आमच्या कागदावर कुठेच नव्हत्या. पहिली फोटोंच्या संख्येची. बोट जरा रेंगाळले तरी सेकंदाला बारा फोटो पडतात, आणि एका लग्नाचे अडीच हजारांचे पाच हजार कधी झाले, हे कार्ड रिकामे करतानाच कळले. डिझायनरने निवडीचे जादा पैसे मागितले, तेव्हा थोरल्याने वेग सर्वांत कमी पायरीवर आणून ठेवला आणि अंतरपाट व हार एवढ्यापुरताच तो वाढवण्याची शिस्त लावून घेतली. दुसरी अडचण शटरची. दिवसाच्या बोलीवर आलेल्या एका मदतनिसाने साखरपुड्यात इलेक्ट्रॉनिक शटर निवडले आणि ते तसेच राहून गेले. स्टेजमागच्या एलईडी पडद्यासमोरचे सगळे फोटो पट्ट्यांचे आले. सुदैवाने तेच क्षण ६डीवरही टिपले होते. आता कॅमेरा दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी शटरची खूण पाहण्याची सवय दोघांनी लावून घेतली आहे. अ‍ॅडॉप्टरबद्दल वाटत होती ती कटकट मात्र झाली नाही, तो नव्या बॉडीवरच कायम राहतो आणि लेन्स ६डीवर नेताना फक्त लेन्स काढावी लागते.

सुटला नाही तो ८५ एमएमचा प्रश्न. जुनी लेन्स मुंडावळ्यांपुढे मागे पडते, हे चाचणीतच दिसले होते. खरेदीच्या वेळी कॅननच्या आरएफ मालिकेत ८५ एमएमच्या दोन टोकांच्या लेन्स होत्या. एक एफ/२ ची, परवडणारी पण फोकसला संथ. दुसरी एफ/१.२ ची, उत्तम आणि या स्टुडिओच्या आवाक्याबाहेरची. या दोहोंच्या मधली जागा, जी सोनीकडे सिग्माची एफ/१.४ भरून काढते, ती इथे रिकामी होती. थोरला सध्या नवरीची पोर्ट्रेट ७०-२०० वर एफ/२.८ ने काढतो आणि त्यात त्याचे काही अडत नाही असे सांगतो. धाकट्याच्या मोबाईलवर मात्र सिग्माच्या त्या लेन्सचे पान अजून उघडे असते.